भिंतीला टेकवून ठेवलेली पॅनेलं

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका कारखानदाराचं पत्र होतं. यंत्राभोवती त्यांनी साउंडप्रूफ केबिन बसवून घेतली, पहिल्या दिवशी सगळे खूश झाले, सहा महिन्यांत पॅनेलं भंगाराच्या ढिगात गेली आणि कामगारांच्या कानांत पुन्हा कापसाचे बोळे आले. हा सगळा प्रकार थोतांड आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

मी हाच धंदा करतो. खोलून परत बसवता येतील अशा सुट्या पॅनेलांची ध्वनिरोधक खोकी यंत्रांभोवती उभी करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. त्याआधी नऊ वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा कापून-दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर. ते पत्र वाचून राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांनी लिहिलेली हकीकत शब्द न् शब्द खरी असणार. माझ्या पहिल्या कामाचंही हेच झालं होतं, आणि सहा महिने कुठले, तीन आठवड्यांतच.

ते यंत्र होतं रूट्स ब्लोअर, म्हणजे जोरात हवा ढकलणारं यंत्र. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. ज्यांनी ऐकला नाही त्यांनी एवढंच समजावं, की त्याच्याजवळ दोन माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडतात तेव्हा कुठे ‘हो’ की ‘नाही’ ते कळतं. एक मीटर अंतरावर आवाज मोजायचा मीटर १०२ डेसिबल दाखवत होता. कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य पाहणाऱ्या, अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९९८ साली पक्क्या केलेल्या हिशेबात आठ तासांना ८५ डेसिबल ही सीमा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०२ मध्ये माणसाने दिवसाला साडेनऊ मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू नये. तिथे एक जण पूर्ण शिफ्ट बसायचा.

मी बारा पॅनेलांचं खोकं केलं. प्रत्येक पॅनेलला आठ बोल्ट, म्हणजे शहाण्णव. सगळे तेरा नंबरच्या पान्याचे, सगळे घट्ट. बाहेर मीटर ७८ वर आला. मालकांनी पाठ थोपटली. मी इतका फुशारलो होतो, की घरी जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

तीन आठवड्यांनी सही घ्यायला गेलो तर एक पॅनेल भिंतीला टेकवलेलं, त्यावर कुणीतरी डबा ठेवलेला. शेजारच्या पॅनेलला आठपैकी चारच बोल्ट. मी मीटर काढला. इतर बाजूंना ८९-९०, उघड्या तोंडासमोर ९६. तिथला फिटर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “मिस्त्री, काम झकास केलंत. पण आतली तेलाची काच मला रोज सकाळी बघावी लागते. रोज आठ बोल्ट खोलायचे, आठ लावायचे. तुम्ही केलं असतं का?”

मी केलं नसतं. ते तसं कबूल करायला मला पुढे दोन वर्षं लागली, ही गोष्ट वेगळी.

संपादक महाशय, या पत्रात माझं म्हणणं एवढंच आहे. ही खोकी आवाजाच्या शास्त्रात सहसा हरत नाहीत. ती पान्यापाशी हरतात. पत्रा किती जाड घ्यायचा, लोकर कुठली भरायची हे ठरवणाऱ्यांनी त्या माणसाला विचारलेलं नसतं, ज्याला ते पॅनेल वर्षभर काढायचं आणि लावायचं आहे. आणि जे पॅनेल परत लावायला कंटाळा येतो ते भिंतीला टेकलेलंच राहतं.

एकच पॅनेल तर काढलंय, असं लोक म्हणतात. आवाजाचा हिशेब आपल्या अंदाजासारखा चालत नाही म्हणून हे सांगतो. बारापैकी एक पॅनेल गेलं तर बारावा हिस्सा संरक्षण गेलं, असं वाटतं. प्रत्यक्षात माझ्या २४ डेसिबलचे दहा-अकराच उरले होते. याहून लहान भोकाचं बघा. खोक्याच्या एकूण अंगाचा शंभरावा भाग उघडा असेल, तर बाकी भिंती अगदी किल्ल्याच्या असल्या तरी २० डेसिबलच्या वर काही मिळत नाही. हजारावा भाग उघडा असेल तर कमाल ३०. रांजणाला भोक असलं की रांजणाची जाडी कुणी विचारत नाही, तसलाच प्रकार.

आणि इथेच आमच्या धंद्याची खरी पंचाईत आहे. दोन मीटर लांब, रुंद, उंच असं साधं खोकं घ्या. चार भिंती आणि छप्पर मिळून वीस चौरस मीटर. प्रत्येक भिंतीला तीन-तीन पॅनेलं केली, छपरालाही तीन, की उभे सांधे, कोपरे, वरची कड, जमिनीची कड आणि छपरावरचे सांधे मिळून सांध्यांची लांबी चाळीस मीटरच्या पुढे जाते. प्रत्येक सांध्यात फक्त एक मिलिमीटर फट राहिली तरी ती झाली ४०० चौरस सेंटिमीटर. एकाच जागी भोक पाडायचं म्हटलं तर वीस बाय वीस सेंटिमीटरची खिडकी. एवढ्यावर खोकं २७ डेसिबलच्या वर जाणं बंद. वेल्डिंग करून एकसंध केलं तर फट नाही, पण मग यंत्राला हात लावायचा म्हणजे गॅस कटर आणा. सुटं करावं तर फटी, एकसंध करावं तर कुणी वापरणार नाही. या दोहोंच्या मधून वाट काढणं म्हणजे आमचं काम. बाकीचं सगळं पुस्तकात मिळतं.

पॅनेलचं पोट आधी थोडक्यात सांगून टाकतो. बाहेरून १.६ मिलिमीटरचा सपाट पत्रा. एका चौरस मीटरला साधारण साडेबारा किलो. आवाज अडवतं ते हे वजन. वजन दुप्पट केलं की ढोबळमानाने ६ डेसिबल वाढतात. म्हणून एका मर्यादेपुढे नुसता पत्रा जाड करत जाणं परवडत नाही, पैशानेही नाही आणि पाठीनेही नाही. आत ७५ किंवा १०० मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर. यंत्राकडच्या बाजूने छिद्रांचा पातळ पत्रा. तीन मिलिमीटरचं भोक, पाच मिलिमीटरवर दुसरं, आडव्या-तिरक्या ओळीत. असं केलं की साधारण तिसरा हिस्सा पत्रा उघडा राहतो आणि आवाज आत लोकरीत शिरतो. आतून लोकर नसेल तर खोक्यात आवाज भिंतींवर आपटत साठतो. नुसत्या पत्र्याच्या खोक्यात आतला आवाज मूळ आवाजापेक्षा दहा डेसिबलपर्यंत चढलेला मी स्वतः मोजलाय. पुढे तोच बाहेर येतो.

लोकर आणि पत्रा यांची कामं वेगवेगळी आहेत, हे मात्र लोकांच्या डोक्यात कधीच बसत नाही. कुणी भिंतीला फोम चिकटवतो, कुणी अंड्यांचे ट्रे. फोम आवाज शोषतो, म्हणजे आतला घुमारा कमी करतो. पलीकडे जाणारा आवाज तो अडवत नाही, कारण त्याला वजनच नाही. अंड्यांच्या ट्रेबद्दल न बोललेलं बरं. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एका नव्या व्याख्यानगृहाचा घुमारा कमी करायचं काम दिलं गेलं. तिथे शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्रीतून उचलून आणायच्या, मांडायच्या, घुमारा मोजायचा आणि सकाळी परत नेऊन ठेवायच्या, असं चालवलं. घुमाऱ्याचं सगळं गणित त्यातून निघालं. मला त्या माणसाचं कौतुक याचं वाटतं, की काढता-लावता येणारं सामान घेतलं म्हणून तर त्याला मोजता आलं. पण त्या गाद्यांनी व्याख्यानगृहातलं बोलणं स्पष्ट झालं. शेजारच्या खोलीतला आवाज त्यांनी थांबवला नसता. फोमवाल्यांनी हे लक्षात घ्यावं. त्यातही साधा पॉलियुरेथेन फोम यंत्राशेजारी लावूच नये. तो पेटतो, आणि पेटला की त्याचा धूर आगीच्या आधी माणसाला गाठतो.

आता सांध्यांकडे येतो, माझा जीव जिथे रमतो तिथे.

मी पॅनेलची कड सरळ ठेवत नाही, पायरी काढतो. एका पॅनेलची पायरी दुसऱ्याच्या पायरीवर बसते, त्यामुळे फट राहिलीच तरी आवाजाला काटकोनात वळावं लागतं. दोन्ही पायऱ्यांवर पोकळ रबराची पट्टी. ही पट्टी दाबायची, चिरडायची नाही. निम्म्याहून जास्त दाबली की ती परत फुगत नाही आणि दुसऱ्यांदा पॅनेल लावताना फट तिथेच. बोल्टांचं हेच दुखणं होतं. फिटरचा हात जड, तो कचकचून आवळणार, आणि त्यात त्याची चूकही नाही.

बोल्टांऐवजी आधी मी टॉगल क्लॅम्प लावले, म्हणजे दांडा दाबला की आवळणाऱ्या पकडी. छान चालतात. हाताने उघडतात, दाब ठरलेला असतो. पण तेलकट धूळ बसली की त्यांचा कोयंडा सैल होतो आणि कुणीतरी तो तारेने बांधून टाकतो. मग एका फिटरनेच मला पाचर सुचवली. खांबाला एक खाच, पॅनेलला एक कान, मधून निमुळती पाचर. हातोडीची एक टिचकी मारली की बसते, खालून एक मारली की निघते. हातोडी फिटरच्या हाताशी नेहमी असते, तेरा नंबरचा पाना असेलच असं नाही. पाचर साखळीने पॅनेललाच टांगायची. सुटी ठेवली की आठवड्यात निम्म्या गायब, आणि त्यांच्या जागी खिळे, लाकडाचे तुकडे, एकदा तर चक्क चमचा मिळाला.

वजनाचा विचार तितकाच. एक मीटर रुंद, दोन मीटर उंच पॅनेल असं सगळं सामान भरून पन्नास किलोच्या आसपास जातं. दोन माणसं ते उचलतात, पण शिव्या देत. रुंदी ६५ सेंटिमीटरवर आणली की पस्तिसाच्या आत येतं. सांधे वाढतात, हे मान्य. पण उचललं जाईल असं पॅनेल आणि न गळणारं पॅनेल यांत मला निवड करायची वेळ आली तर मी उचललं जाणारं घेतो आणि सांध्यावर जास्त मेहनत करतो. मुठी दोन हव्यात. आणि प्रत्येक पॅनेलवर व त्याच्या खांबावर एकच नंबर, रंगाने, ठळक. सारखी दिसणारी पॅनेलं कधीच सारखी नसतात. तिसऱ्याच्या जागी पाचवं बसवलं की बसतं, पण गळतं.

तरीही सर्वांत मोठी सुधारणा पाचरीने झाली नाही. ती झाली खोकं उघडायची कारणं कमी केल्याने. त्या ब्लोअरचं मी पुढे काय केलं सांगतो. तेलाच्या काचेसमोर दुहेरी काचेची वीतभर खिडकी बसवली, आत दिवा. ग्रीसच्या निपलांना तांब्याच्या बारीक नळ्या जोडून त्यांची तोंडं खोक्याबाहेर एका पट्टीवर आणली. दाबाचा काटा बाहेर. उरला पट्टा ताणायचा, तो महिन्याकाठी एकदा. त्या बाजूचं पॅनेल बिजागरीवर घेतलं, दाराला असतात तशा दोन रबरी पट्ट्या, आणि लावलं की उंबऱ्यावर उतरणारी एक पट्टी. रोजचं उघडणं महिन्यावर गेलं. त्या फिटरने निवृत्त होताना मला फोन करून सांगितलं, की खोकं अजून जागेवर आहे. माझ्या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

दोन काचा घेताना एक सहा आणि एक दहा मिलिमीटर, अशा वेगळ्या जाडीच्या घ्याव्यात. प्रत्येक जाडीच्या काचेचा एक सूर असतो, जिथे ती आवाज जवळजवळ सोडून देते. सहा मिलिमीटरचा तो दोन हजार हर्ट्झच्या आसपास. दोन्ही काचा सारख्या असल्या की दोघी एकाच ठिकाणी दगा देतात.

दुसरा धडा उष्णतेने शिकवला. पंधरा किलोवॉटचा, हवेने थंड होणारा कॉम्प्रेसर होता. मी त्याला इतका छान बंद केला, की आत मुंगीला श्वास घेता आला नसता. चौथ्या तासाला तो तापून बंद पडला. ऑपरेटरने दार उघडलं आणि वीट लावून ठेवली. त्या विटेवर मी आजही कुणाला बोल लावत नाही. कॉम्प्रेसरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पंधरा किलोवॉट उष्णता बाहेर काढायची आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहाच अंशांनी चढू द्यायची, तर सेकंदाला सव्वा घनमीटर हवा फिरवावी लागते. तेवढ्या हवेला मोठी वाट लागते, आणि हवेची वाट तीच आवाजाची वाट. म्हणून त्या वाटेत लोकर भरलेले पडदे उभे करायचे, शंभर मिलिमीटरचा पडदा, शंभर मिलिमीटरची गल्ली, पुन्हा पडदा, आणि शेवटी एक वळण. हवा वळून जाते, आवाज भिंतींत मुरतो. थंड हवा खालून, गरम वरून. पंखा शक्यतो या पडद्यांच्या आतल्या बाजूला, नाहीतर यंत्राचा आवाज गेला आणि पंख्याचा आला. मापं काढताना पॅनेलांवर आठवडा घालवणारे लोक या हवेच्या वाटेवर अर्धा तासही देत नाहीत. आणि मग दाराला वीट लागते.

तिसरं दुखणं स्पर्शाचं. खोकं यंत्राला कुठेही टेकता कामा नये. एका ठिकाणी हिशेबाने २५ डेसिबल यायला हवे होते, आले चौदा. रात्री आत दिवा लावून बाहेर अंधार केला, फटीतून उजेड येतो का पाहिलं. ही परीक्षा मी प्रत्येक कामाला करतो, तिला काही खर्च नाही. एक किरणही नाही. शेवटी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पॅनेलांवर टेकवत मूठ कानाला लावत फिरलो. मागच्या पॅनेलवर हात चळाचळा थरथरला. पाण्याच्या एका पाइपाचा क्लॅम्प मी खोक्याच्या चौकटीला मारला होता. यंत्र त्या पाइपातून खोक्याला हलवत होतं आणि अख्खं खोकंच भोंगा झालं होतं. पाइप रबरी बाहीतून मोकळा काढला, चौकटीखाली रबर घातलं आणि तेवढ्यावर नऊ डेसिबल उतरले.

हे सगळं करूनही काही यंत्रांना खोकं बसत नाही. खूप मोठी असतात, सतत माल घालावा-काढावा लागतो, क्रेन वरून येते. तिथे यंत्राऐवजी माणसाभोवती खोकं करावं. त्याच पॅनेलांची ऑपरेटरची केबिन, काच समोर, हवा खेळती. कंट्रोल त्याच्या हाताशी आले की त्याला बाहेर येण्याचं कारण उरत नाही. आणि खोक्याच्याही आधी यंत्राकडे एकदा नीट पाहावं. कॉम्प्रेस्ड एअरचा उघडा पाइप फुरफुरतोय, सैल गार्ड खडखडतोय, जॉब उंचावरून लोखंडी पेटीत पडतोय, हे सगळं एका दिवसात निम्म्यावर येतं. मला गिऱ्हाईक कमी मिळेल, चालेल. अगदी खोल, घुमणाऱ्या आवाजाला पातळ पॅनेलं फारसं काही करत नाहीत, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगावं. आमच्यातले बरेच जण नंतर सांगतात.

कानातल्या बोळ्यांबद्दल त्या पत्रात लिहिलं होतं, म्हणून एक हिशेब. कापूस तर सोडाच, पण चांगले, ३० डेसिबल कमी करणारे, कान झाकणारे मफ घेतले आणि कामगाराने ते अर्धी शिफ्ट घातले, अर्धी शिफ्ट गळ्यात अडकवले, तर त्याच्या कानाला दिवसाअखेर फायदा किती? तीन डेसिबल. पंधरा नव्हे, तीन. उरलेल्या अर्ध्या वेळात कान सगळं घेऊन मोकळा झालेला असतो. जागेचं जे गणित तेच वेळेचं. खोकंही तसंच. आठ तासांत एक तास यंत्र चालू असताना उघडं राहिलं, तर चोवीसचं खोकं त्या दिवसापुरतं नऊचं होतं. दहा मिनिटं राहिलं तर सोळाचं. ‘थोडा वेळच उघडं असतं’ असं म्हणणाऱ्यांना मी हे आकडे कागदावर लिहून देतो.

माझा उजवा कान सतत शीळ घालतो. प्रेसवरची नऊ वर्षं. तपासणीत चार हजार हर्ट्झजवळ रेघ खड्ड्यात उतरलेली दिसली. असल्या कानांची ती ओळखच असते, असं डॉक्टर म्हणाले. ऐकू येतं, पण शब्दांची टोकं गळतात. नात ‘साप’ म्हणते की ‘ताप’, ते मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. हे नवीन नाही. १८८६ साली ग्लासगोत टॉमस बार नावाच्या डॉक्टरांनी शंभर बॉयलर-कामगारांचे कान तपासले होते, त्यात एकाचाही कान पुरता शाबूत निघाला नव्हता. त्या लोकांना आतून टेकू देत बसावं लागायचं आणि बाहेरून हातोडे पडायचे. म्हणजे खोक्याच्या आत माणूस आणि बाहेर आवाज. आम्ही एवढंच उलटं करतो.

ज्यांना खोकं करून घ्यायचं आहे त्यांना माझी विनंती. ड्रॉइंग मागवण्याआधी मेंटेनन्सच्या एका माणसाला वही देऊन यंत्राशेजारी तीन दिवस बसवा. यंत्राला कुणी, किती वेळा, कशासाठी हात लावला, ते त्याने लिहावं. तेल, पट्टा, सेन्सर पुसणं, अडकलेला माल, डाय बदलणं, सगळं. ती वही फॅब्रिकेटरला द्या. तो ती वाचणार नसेल तर दुसरा बघा. ऑर्डरमध्ये लिहून घ्या, की अमुक पॅनेल दोन माणसांनी, अमुक हत्याराने, अमुक मिनिटांत निघालं पाहिजे आणि परत लागलं पाहिजे, आणि लागल्यावर मीटरचा आकडा पहिल्यासारखा आला पाहिजे. नुसतं ‘२५ डेसिबल कमी’ लिहिलंत तर पहिल्या दिवशी मिळेल आणि सही होईल. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं, हेही त्याच कागदात असू द्या. दाराला असा स्विच हवा, की ते उघडलं की धोक्याचं यंत्र थांबेल. आणि माणूस आत मावत असेल तर आतून उघडणारी कडी आणि आत लाल बटण. याबाबत मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही.

शेवटी त्या पत्रलेखकांना. पॅनेलं अजून ढिगात पडून असतील तर विकू नका. पॅनेल सहज मरत नाही. आधी लोकर बघा, छिद्रांतून बोट दाबून. कोरडी असेल तर ठीक. तेल प्यायली असेल तर काढून टाका. ती आवाजही शोषत नाही आणि पेटायला तयार असते. नवी भरताना तेलाच्या फवाऱ्याजवळ तिला अगदी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरा, पिशवी ताणू नका. मग बोल्टांच्या भोकांवर पत्रा मारून ती बुजवा, जुनी रबरपट्टी खरवडून काढा, कडेला पायरीचा अँगल टॅक करून मग पूर्ण वेल्ड करा, कान लावा, पाचरी लावा. बिजागरीवर कोणतं पॅनेल घ्यायचं ते मला विचारू नका, मालकांनाही नको. ज्याने ते पहिलं पॅनेल काढून भिंतीला टेकवलं, त्या माणसाला शोधा आणि त्याने नेमकं तेच का काढलं ते विचारा. तिथूनच सुरुवात करा.

आपला,
पत्रा आणि लोकर यांत वय घालवलेला एक फॅब्रिकेटर